अक्रोड बचाव समिती

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर सैट्समा म्हणाल्या, रक्तस्राव किती होतो ते रोज लिहून ठेवा, एका ओळीत. तलावाच्या काठावर उभं राहून वीस-वीस पोरांना ओरडून पोहायला शिकवणाऱ्या बाईला एक ओळ कशी पुरणार? म्हणून ही वही.

तर, आज पुष्कळ. काल पुष्कळ. परवा इतकं की पोरांना काठावर ओळीने बसवलं, शिट्टी दुसऱ्या बाईच्या हातात कोंबली आणि कपडे बदलायला पळाले. त्या तासाचा तिसरा पोशाख होता. पोरांना वाटतं, आलैडबाई फार नटव्या आहेत.

आज डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. गर्भाशयात दोन गाठी आहेत, समोरासमोरच्या भिंतींवर, भांडणाऱ्या जावांसारख्या एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या. एक अक्रोडाएवढी, दुसरी जरा लहान. कर्करोगाबिर्करोगाचं काही नाही. आमच्या डच भाषेत ह्या गाठीला मांसझाड म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याला कुणी बारशाला बोलावू नये.

खैसला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यातलं फक्त झाड ऐकू आलं. त्याची रोपवाटिका आहे. आमच्या बॉस्कोप गावात दगड मारला तर रोपवाटिकावाल्यालाच लागतो. त्याने डॉक्टरांना विचारलं, "मुळं किती खोल गेलीत?" डॉक्टर म्हणाल्या, "मुळं नसतात." तो जरा हिरमुसला.

मूल हवं असेल तर गाठी काढलेल्या बऱ्या, असं डॉक्टरांचं म्हणणं. मूल हवं आहे. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. हे मी इथे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

९ मार्च, रविवार

परवा ऑपरेशन. खैसला बजावून ठेवलं आहे की शेजारीपाजारी अवाक्षर काढायचं नाही.

"मी कशाला बोलतोय," तो म्हणाला. "मला तर तो शब्दसुद्धा म्हणवत नाही."

हे मात्र खरं. गर्भाशय म्हणायची वेळ आली की हा "तिथलं ते" म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. लग्नाला आठ वर्षं झाली. ह्या माणसाच्या पोटातून गुपित बाहेर पडणं शक्य नाही, म्हणून मी निर्धास्त आहे.

११ मार्च, मंगळवार

झालं. पोट फाडलं नाही, खालूनच दुर्बीण घालून दोन्ही काढल्या. संध्याकाळी घरी. खैसने गाडी इतकी हळू चालवली की एका सायकलवाल्या आजीने आम्हाला मागे टाकलं आणि वर हात केला.

१२ मार्च, बुधवार

सकाळी उठून खिडकीशी गेले तर आमच्या अंगणातल्या अक्रोडाला नारिंगी फीत गुंडाळलेली, आणि झाडाभोवती बारा-पंधरा माणसं थर्मासमधून कॉफी पीत उभी. हातात फलक: "हे झाड तुमच्या आजोबांनी लावलंय का?" मी अंगावर कोट चढवून, पोट धरून, चालत बाहेर गेले. मध्यभागी ट्रूसबाई होत्या. ट्रूसबाई म्हणजे कालव्यापलीकडच्या शेजारीण, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. अजूनही सगळ्या गल्लीला नापास करू शकतात.

"ट्रूसबाई, हे काय चाललंय?"

"समिती. अक्रोड बचाव समिती, काल रात्री स्थापन झाली. आलैड, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"कसली?"

"आता वेड पांघरू नकोस. मी खैसला विचारलं, आलैड कुठे दिसत नाही. तर म्हणाला, झाड काढतायत, तिला जरा जड जातंय. जड जाणारच. मन खातं माणसाला."

मी मागे पाहिलं. खैस दारात उभा राहून स्वतःच्या बुटांचा अभ्यास करत होता.

"झाड काढून झालंसुद्धा," मी म्हणाले.

सगळ्या समितीने वर पाहिलं. अक्रोड जागच्या जागी होता.

"तपासलं कुणी? किडलं होतं का?" ट्रूसबाईंनी विचारलं.

"डॉक्टर सैट्समांनी तपासलं. किडलं नव्हतं, पण राहू देण्यात अर्थ नव्हता."

"निरोगी झाड? आणि परवानगी?"

"सही मी केली. माझं होतं."

"अक्रोड तुझ्या एकटीचा नाही, अर्ध्या फांद्या माझ्या बाजूला येतात."

"अक्रोडाएवढं होतं, ट्रूसबाई, अक्रोड नव्हतं. माझ्या पोटात होतं. मांसझाड. गर्भाशयात. आणि एक नाही, दोन होती."

कुणीतरी कॉफी गिळल्याचा आवाज आला. व्हेरहूफकाकांनी टोपी काढली. बाकीच्यांनी फलक हळूच उलटे केले, तर पाठीमागे लिहिलं होतं, "आज झाड, उद्या काय?"

"म्हणजे अक्रोडाला धोका नाही," ट्रूसबाई म्हणाल्या.

"नाही."

"मग ठीक आहे." त्यांना काहीतरी हलकंफुलकं बोलून निघायचं होतं, हे दिसत होतं. म्हणाल्या, "पण नियम माहीत आहे ना? झाड काढलं की तीन वर्षांत त्या जागी नवीन लावावं लागतं."

कुणी हसलं नाही. खैसने मोठी कात्री उचलली आणि तो कुंपण छाटायला निघून गेला. मार्चमध्ये कुंपण कोण छाटतं?

२० एप्रिल, ईस्टर

रक्तस्राव: शून्य. मागच्या महिन्यात शून्य, ह्या महिन्यातही शून्य. डॉक्टरबाईंच्या हातात जादू आहे. साठवलेले सगळे पॅड तलावावरच्या बायकांना वाटून टाकले, दिवाळं निघालेल्या दुकानासारखे. पांढरी पॅन्ट विकत घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.

पोट मात्र दोन दिवस जाम दुखलं. सासूबाईंच्या हातचं कोकराचं मटण, दुसरं काय. त्या मीठ मोजून घालतात आणि चरबी न मोजता.

खैसने विचारलं, "आलं का काही?"

"नाही, आणि न येवो."

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, दोन महिन्यांत आलं नाही तर कळवा."

"न आल्याची तक्रार करू? चौदा वर्षं पूर आला, आता जरा दुष्काळ भोगू दे."

तो बाहेर गेला. कुंपण आता छातीइतकं आहे.

२३ मे, शुक्रवार

शून्य. पण पुन्हा पोटात कळा, दोन दिवस. हेरिंग मासा शिळा असणार. स्वस्तात मिळाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खैसचं मला कळेनासं झालंय. मी इतकी मजेत आहे आणि हा घरात एक शब्द बोलत नाही. जेवण अर्धं टाकतो. डॉक्टरांना फोन करू का, असं दोनदा विचारलं; कशासाठी म्हटलं तर "असंच." पुरुषांना बायकोचं सुख बघवत नाही म्हणतात ते हेच. कुंपण कमरेपर्यंत आलंय. ट्रूसबाईंना आता आमचं स्वयंपाकघर बसल्या जागी दिसतं. काल त्यांनी कालव्यापलीकडून सांगितलं की माझा बटाटा उतू जातोय.

८ जून, रविवार

सासूबाई कॉफीला. खैसचे वडील गेल्यापासून दर महिन्याला एक रविवार येतात, ताठ बसतात, एक बिस्किट खातात. बिस्किटांचा डबाही त्याच आणतात, आणि प्रत्येकाला एक देऊन झाकण लावतात.

मी नवी पांढरी पॅन्ट दाखवली. त्यांनी फार वेळ बघितली.

"अजून काही आलं नाही?"

"नाही ना. सुटले मी."

"आणि पोट दुखतं?"

"हेरिंगमुळे."

"कळ येते, मागे कंबरेत जाते. दोन दिवस राहते. वाटतं आता येणार, आता येणार. आणि येत काहीच नाही. असंच ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"उद्या डॉक्टरांना फोन कर. उद्या म्हणजे उद्या, पुढच्या आठवड्यात नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "खैस झाल्यावर मला आत खरवडलं होतं. नंतर कधीच आली नाही. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, कटकट गेली. मीही तसंच समजत होते, बरीच वर्षं."

आणि मग त्यांनी डबा पुन्हा उघडून माझ्या बशीत दुसरं बिस्किट ठेवलं. सत्तरी जवळ आली, पहिलं दिल्याचं विसरल्या असतील. मी गुपचूप खाल्लं.

फोन करेन. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये.

१९ जून, गुरुवार

आज आत कॅमेरा घालून बघितलं. मी पडद्याकडे बघत होते. जिथे मोकळी जागा असायला हवी तिथे पांढरे दोर, जाळीसारखे, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही गाठी समोरासमोर होत्या, काढल्यावर दोन्हीकडे ओली जखम राहिली, आणि भरता भरता त्या जखमा एकमेकींना चिकटल्या. असं काहींना होतं. कुणाची चूक नाही. अस्तर वाढायला जागाच नाही, म्हणून पाळी नाही. मूल धरायलाही जागा नाही.

हे शेवटचं वाक्य त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या.

खैस अचानक बोलायला लागला. "झाडाची जखम कधी भरत नाही. झाड तिला आत कोंडून घेतं आणि वरून नवीन वाढतं. आतलं मेलेलं तसंच राहतं, कायमचं. मी रोज बघतो." त्याचा आवाज मोठा होत गेला. "रोज बघतो मी."

"पण हे झाड नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे अस्तर दर महिन्याला सगळं टाकून देतं आणि तळाशी उरलेल्या थोड्याशापासून पुन्हा उगवतं. दोर कापून जागा मोकळी केली आणि तळ शिल्लक असला, तर उगवेल."

"आणि तळ शिल्लक नसला तर?"

"ते पाळी आली की कळेल. किंवा नाही आली की."

गाडीत मी रडले. जे येऊ नये म्हणून नाचत होते, पॅड वाटत सुटले होते, पांढरी पॅन्ट मिरवत होते, ते माझं मूलच येत नव्हतं. खैस गाडी बाजूला घेऊन नुसता बसून राहिला. त्याच्या मार्चपासूनच्या तोंडाचा अर्थ मला आज लागला. मला वाटत होतं, कुंपणावर राग आहे ह्याचा.

३ जुलै, गुरुवार

पुन्हा ऑपरेशन. सगळे दोर कापले. भिंती पुन्हा चिकटू नयेत म्हणून मध्ये एक छोटा फुगा ठेवलाय, आठवडाभर.

"कुठल्या रंगाचा?" खैसने विचारलं.

डॉक्टरांनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगून टाका, नाहीतर हा रात्रभर झोपणार नाही. पारदर्शक आहे म्हणे. खैसचं समाधान झालं नाही.

११ जुलै, शुक्रवार

फुगा निघाला. आता गोळ्या, अस्तर वाढवायच्या. त्या संपल्या की दुसऱ्या दहा दिवस. त्या थांबवल्या की पाळी यायला हवी. हवी. आयुष्यभर जिला शिव्या घातल्या तिची वाट बघत बसायचं.

पॅड पुन्हा विकत आणले. दुकानातल्या मुलीला म्हटलं, आशेवर आहे. तिने पावती जपून दिली.

२४ ऑगस्ट, रविवार

गोळ्या थांबवून आठवडा होत आला. काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, लवकर निराश होऊ नका, पुढच्या महिन्यात डोस वाढवून पुन्हा.

समिती विसर्जित झालेली नाही. आमच्याकडे एकदा समिती झाली की ती मोडायला बैठक घ्यावी लागते, आणि बैठकीला वेळ कुणाला आहे? त्यामुळे तिला आता माझं काम आहे. सकाळी व्हेरहूफकाका सायकल थांबवून विचारतात, "काही हालचाल?" तलावावर एका पोराची आई म्हणाली, आमच्या गल्लीतले सगळे तुम्हाला यश यावं म्हणून मुठीत अंगठे दाबून बसलेत. आज ट्रूसबाई कालव्यापलीकडून, गुडघ्याइतक्या कुंपणावरून, चक्क वर्गात ओरडतात तशा म्हणाल्या, "आलैड, आली का?"

माझा तोल गेला. "नाही आली, ट्रूसबाई. फलक तयार ठेवा, आली की सांगेन. मिरवणूक काढा."

 अर्ध्या तासाने त्या पूल ओलांडून, वळसा घालून आल्या, हातात मनुकांचा पाव. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "त्या दिवशी मी ते नियमाचं बोलले. नवीन लावायचं. तेव्हापासून मला झोप नाही."

मला तर ते आठवतही नव्हतं. खरंतर आठवत होतं. रोज. मी त्यांना आत घेतलं आणि आम्ही दोघींनी पाव निम्मा संपवला.

खैस आता कुंपण छाटत नाही. छाटायला उरलेलं नाही. ट्रूसबाईंच्या बाजूने रोपं लावायला लागलाय.

१५ सप्टेंबर, सोमवार

दुसऱ्या खेपेच्या गोळ्या काल संपल्या. डॉक्टर म्हणाल्या, ह्या वेळीही आली नाही तर पुन्हा कॅमेरा घालून बघू, पण मग मला तुमच्याशी वेगळ्या गोष्टी बोलाव्या लागतील. वेगळ्या म्हणजे कुठल्या ते मी विचारलं नाही. खैसनेही नाही.

रात्री तो म्हणाला, "नाही आली तरी मी तुझाच आहे."

"कुणी मागितलंय तुला?" मी म्हणाले, आणि मग दिवा मालवून फार वेळ त्याचा हात धरून पडले.

२१ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंची सत्तरी. ह्या खेपेला मी कुठल्याही कळेवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं.

खोलीभर खुर्च्यांचा गोल. येणारा प्रत्येक जण गोलात फिरून एकेकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करतो. फक्त वाढदिवस असणाऱ्याचं नव्हे, सगळ्यांचं. माझंही अठरा जणांनी "सासूबाईंबद्दल अभिनंदन" केलं. खैसचं "आईबद्दल". ट्रूसबाईंचं तर "शेजाऱ्यांच्या आईबद्दल". व्हेरहूफकाकांनी चुकून गॅसच्या मीटरवाल्याचंही केलं. तो बिचारा फक्त आकडा बघायला आला होता, तर त्याला केक खायला गोलात बसावं लागलं. मी खुर्चीत बसून मनात म्हणत होते, आज ज्या गोष्टीबद्दल अभिनंदन हवंय ती सोडून सगळ्याबद्दल होतंय.

दुसरी कॉफी सुरू असताना पोटात कळ आली. हेरिंग नव्हता, कोकरू नव्हतं. मी संडासात गेले.

आणि आली होती.

थोडी नाही. चांगली. लाल, ठसठशीत, खरी. मी तिथे बसून ढसाढसा रडले आणि मग हसले. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केलं. खैस होता. फार वेळ झाला म्हणून उठून आला होता.

"बरी आहेस ना?"

मी दार फटीएवढं उघडून सांगितलं. तो कोटांच्या खुंट्यांखाली जमिनीवर खाली बसला, कुणाच्या तरी बुटांवर, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

आम्ही तोंडं पुसून परत गोलात आलो. मी कुणाकडे बघितलं नाही. सासूबाई केक वाढत होत्या. माझ्यापाशी आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खैसच्या. ताट हळूच टेबलावर ठेवलं. माझे दोन्ही हात हातात घेतले, तीन वेळा मुका घेतला आणि म्हणाल्या, "अभिनंदन."

त्यांची बहीण कोपऱ्यातून म्हणाली, "अगं, वाढदिवस तुझा आहे. तू तिचं कसलं करतेस?"

"तिचंच करायचं आहे," सासूबाई म्हणाल्या. हात सोडत नव्हत्या.  एवढी वर्षं मी त्यांना थंड समजत होते.

 ट्रूसबाईंच्या डोक्यात प्रकाश पडलेला मला दिसला, आणि मी डोळ्यांनीच नको नको म्हटलं, पण भूगोलाच्या बाईला डोळ्यांनी कोण गप्प करणार. त्या उठल्या, गोल ओलांडून सरळ खैससमोर उभ्या राहिल्या, हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "खैस, बायकोच्या पाळीबद्दल अभिनंदन."

अठरा माणसं, कॉफीचे अठरा कप, आणि मीटरवाला. खैसचं तोंड कानांपर्यंत लाल झालं. मला वाटलं आता हा उठून कुठलंतरी कुंपण शोधेल. पण तो उठून ट्रूसबाईंचा हात धरून उभा राहिला.

"धन्यवाद," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तिच्या गर्भाशयाची आम्ही फार वाट पाहिली."

मग सगळे उठले आणि गोल पहिल्यापासून सुरू झाला.